आम्ही त्याच्या हिशेबात नाही

दोरीवरचा टॉवेल काढायला बाल्कनीत गेलो आणि हात वर केलेलाच राहिला. कठड्यावर, दोन हातांवर, शिक्रा बसला होता. पंजाखाली चिमणी.

आधी वाटलं, पावशा असेल. रंगरूपाने तो शिक्र्याची हुबेहूब नक्कल, भलेभले फसतात. पण पावशा कशाला चिमणी धरतोय!

इतकी वर्षं शिक्रा म्हणजे पाखरांची पांगापांग झाली की 'गेला, गेला!' म्हणण्यापुरता पक्षी. आता समोर पाहिला तर केवढासा! लांबी जेमतेम ३० सेंटीमीटर, शाळेतल्या फूटपट्टीएवढी. राखाडी पाठ, छातीवर विटकरी आडव्या रेघा, गळ्याच्या मधोमध एक पुसट उभी रेघ. डोळा लालभडक, म्हणजे नर. मादीचा डोळा पिवळसर, आणि अंगापिंडानं मोठी तीच. शिकारी पक्ष्यांच्या बहुतेक घरांत हाच कारभार.

त्या डोळ्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. मी चक्क ओशाळलो. वास्तविक त्यात राग-बिग काही नसतो. भुवईचं हाड डोळ्यावर पुढे आलेलं असतं, म्हणून मुद्रा कायमची त्रासलेली. बुबुळ खोबणीत फारसं फिरत नाही, त्यामुळे पाहायचं तर अख्खी मान वळवायची. त्यानं ती माझ्याकडे वळवली, पापणीच्या आतला पातळ पडदा एकदा डोळ्यावरून सरकवला, आणि मान परत चिमणीकडे. माझी दखल तेवढीच.

चिमणी अजून जिवंत होती. ससाण्याच्या चोचीला दातासारखा टोकदार कंगोरा असतो, त्यानं तो भक्ष्याची मान मोडतो. शिक्र्याचं काम पंजावर चालतं. चिमणीनं पंख हलवला की ती पिवळी, लांबसडक बोटं आणखी आवळायची. हलली, आवळली. हलली, आवळली. मी नुसतं 'हुश्श' म्हटलं असतं तरी ती कदाचित सुटली असती. नाही म्हटलं. निसर्गात ढवळाढवळ नको वगैरे कारणं मागाहून सुचली. त्या क्षणी मला फक्त बघायचं होतं.

मग हालचाल थांबली आणि सोलणं सुरू झालं. पिसं चिमटीनं काढावीत तशी तो उपटत होता आणि मान झटकून उडवत होता. दोन-चार माझ्या ओल्या टॉवेलला चिकटली. थोडं खाऊन झाल्यावर त्यानं चोच कठड्यावर घासली, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, सुरीला धार लावावी तशी. उरलेली चिमणी पंजात घेऊन कठड्यावरून खाली झेपावला, आणि दिसेनासा झाला.

पिसं झाडायचा धीर होईना, म्हणून दुपारपर्यंत तशीच ठेवली. दुपारी एक चिमणी आली. कठड्यावर दोन उड्या मारल्या, कोपऱ्यात अडकलेलं मऊ, करडं पीस चोचीत धरलं आणि घरट्यात अंथरायला घेऊन गेली.