पेशंटला उठवा, पण हाताला धरून ओढू नका

मिरजेच्या दवाखान्यांत जत-आटपाडीपासून अथणी-विजापूरपर्यंतचे पेशंट येतात. सोबत आलेली माणसं जीव लावून सेवा करतात: पाणी तोंडाशी, भाकरी दुधात कुस्करून, कूस बदलायलाही दोघं. पण या मायेनंच म्हाताऱ्या माणसाचे पाय झडतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस झोपवून ठेवलं, तर पायांतलं सरासरी जवळपास १ किलो मांस उतरलं. इथे तर वर आजारपण असतं. असा पेशंट चौथ्या-पाचव्या दिवशी स्वतःचा भार उचलेनासा होतो, आणि तो भार सिस्टरच्या आणि मावशींच्या कमरेवर येतो.

म्हणून डॉक्टरांची परवानगी मिळाली की त्याच दिवशी सुरुवात करावी. आधी पडल्या पडल्या पावलं वर-खाली, जाग असताना तासाला दहा-पंधरा वेळा. पोटऱ्यांतलं रक्त फिरतं राहतं. मग कुशीवर वळवायचं, दोन्ही पाय कॉटखाली सोडायचे आणि कोपरावर जोर देऊन पेशंटलाच उठू द्यायचं. उताण्यावरून सरळ ओढून बसवलं की पोटाच्या टाक्यांवर ताण येतो. पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसू द्यावं; घाई नडते ती इथेच. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० किंवा खालचं १० नं उतरलं, तर पेशंट पडू शकतो. घाम, डोळ्यांपुढे अंधारी, जांभया दिसल्या तर लगेच परत झोपवा.

उभं करताना टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे, अंग पुढे झुकलेलं. मदत करणाऱ्यानं एक पाय पुढे ठेवावा, गुडघे वाकवावेत, कंबर नाही. आधार कमरेला द्यावा, काखेत हात घालून उचलू नये. अर्धांगवायूच्या पेशंटचा लुळा हात ओढला तर खांदा निखळू शकतो. पेशंटला तुमच्या मानेला तर कधीच लटकू देऊ नका. युरिन बॅग कायम कमरेच्या खाली. पायात घसरती स्लीपर नको.

कॉटवर वर सरकवायचं असेल तर डोक्याकडची बाजू सपाट करा, खांद्यापासून मांडीपर्यंत दुहेरी चादर घाला, दोन्ही बाजूंना एकेक जण. पेशंटनं गुडघे वाकवून हनुवटी छातीला लावायची, आणि तीन म्हटल्यावर तिघांचा जोर एकदम. एकटीनं हे करूच नये, रात्रपाळीत तर नाहीच.

जांघेतून अँजिओग्राफी झाली असेल, खुबा मोडला असून ऑपरेशन व्हायचं असेल, मणक्याला मार असेल किंवा छातीत दुखत असेल, तर विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता स्टाफचं. ‘दिवसभर पायावरच असते, आणखी व्यायाम कशाला?’ हे फार ऐकू येतं, आणि ते चूक आहे. ड्यूटीतलं चालणं तुटक असतं, उभं राहणं लांबलचक. त्यानं पाय सुजतात, दम वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचा, शिवाय दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवण्याचा. सांगलीत राहणाऱ्यांना आमराई बाग आहे, मिरजेत कृष्णाघाट. बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं अर्धा तास चालावं. ताकदीसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, दहाचे दोन फेरे. नाइट संपवून आल्याबरोबर नको. झोप काढून संध्याकाळी जावं.