लार्गो म्हणजे लांब की रुंद?

मी आधी स्पॅनिश शिकले आणि पोर्तुगीज नंतर, आणि त्यामुळेच एकदा चांगलीच फसले. फर्निचरच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करत होते, पोर्तुगीजमधून, त्यात टेबलाचं 'लार्गुरा' ६० सेंमी लिहिलेलं, मी बिनधास्त लांबी ६० असं टाकून दिलं कारण स्पॅनिशमध्ये 'लार्गो' म्हणजे लांब हे डोक्यात एकदम पक्कं बसलेलं ना! पण पोर्तुगीजमध्ये लार्गो म्हणजे रुंद, आणि लार्गुरा म्हणजे रुंदी. लांबीला ते 'कोंप्रिमेंतो' म्हणतात. टेबल आडवं झालं माझ्या भाषांतरात, आणि पाठवायच्या आधी दिसलं म्हणून वाचले.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जाईना. मूळ लॅटिन 'लार्गुस', आणि गंमत म्हणजे त्याचा अर्थ लांबही नाही नि रुंदही नाही, तर भरपूर, सढळ हाताचा, उदार! मग इटालियन, फ्रेंच, पोर्तुगीज, रोमानियन सगळ्यांकडे तो रुंद झाला, फ्रेंचमध्ये तर 'ल लार्ज' म्हणजे खुला समुद्र, किती सुंदर आहे हे. स्पॅनिश आणि स्पेनमधलीच दुसरी भाषा कातालान मात्र लांबीकडे वळल्या. स्पॅनिशमध्ये लांब म्हणायला लॅटिन 'लोंगुस'वरून आलेला 'लुएंगो' होता, तो आता जुन्या वळणाच्या भाषेतच भेटतो, त्याची जागा लार्गोने घेतली, आणि रुंदीसाठी 'आंचो', जो 'आम्प्लुस'वरून आलाय. फ्लोरिडातलं 'की लार्गो' नावाचं बेट म्हणूनच 'लांब बेट', स्पॅनिश नाव आहे ते.

आपल्याकडे 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न आणि मराठीत थट्टा, तसंच काहीसं. पण तिथे निदान दोन्ही अर्थ एकाच टेबलावर मोजायची वेळ येत नाही.

पोर्तुगीजमध्ये लार्गो हे नामही आहे, म्हणजे चौक, मोकळी जागा. लिस्बनमधला लार्गो दु कार्मु, जिथे २५ एप्रिल १९७४ ला लोक जमले होते आणि हुकूमशाही कोसळली, तोही लार्गोच. पणजीत चर्चसमोरच्या चौकालाही पोर्तुगीज काळात 'लार्गो दा इग्रेजा' म्हणायचे, तिथे मी कितीदा उभी राहिलेय आणि हे माहीतच नव्हतं!

मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे की जुना उदारपणा पुरता गेलेला नाही. स्पॅनिशमध्ये 'लार्गेसा' आणि फ्रेंचमध्ये 'लार्जेस' म्हणजे आजही सढळ हाताने देणं. आणि टी-शर्टच्या कॉलरवरचा 'लार्ज' पण फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला हाच शब्द, इंग्रजीतही आधी तो उदार माणसासाठी वापरायचे.