एकच टक्का तर पकडतात!

अंटार्क्टिकाच्या समुद्रावर बोलायला कुठेही गेले, की शेवटी हा प्रश्न येतोच: ‘मॅडम, क्रिल एवढा अफाट आहे आणि त्यातला जेमतेम एक टक्का पकडतात. मग एवढी ओरड कशाला?’ परवा पुन्हा एकाने विचारला. प्रश्न रास्त आहे, पण सभागृहातल्या दोन मिनिटांत त्याचं उत्तर उरकता येत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

क्रिल पहिल्या नजरेत आपल्या जवळ्यासारखा वाटतो, पण त्याच्याहून बराच मोठा. अंटार्क्टिक क्रिल सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि पाच-सहा वर्षं जगतो. मुलांना दाखवायला माझ्याकडे बाटलीत एक नमुना आहे. फॉर्मॅलिनमध्ये रंग उडून तो पांढुरका झालाय, फक्त टपोरे डोळे काळे राहिलेत. जिवंतपणी तो पारदर्शक असतो, अंगावर तांबडे ठिपके असतात आणि आतून हिरवा रंग दिसतो. ते त्याचं नुकतंच झालेलं जेवण, म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. पुढच्या पायांवरच्या बारीक केसांची जाळी करून तो पाणी गाळत जातो. खायला मिळालं नाही, तर कात टाकताना चक्क आकाराने लहान होतो! पहिल्या हिवाळ्यात त्याची पिल्लं समुद्री बर्फाच्या खालच्या अंगाला राहतात आणि तिथलं शेवाळ खरवडून खातात. बर्फ उशिरा धरला, तर या पिल्लांचेच हाल होतात.

आता त्या एक टक्क्याकडे येऊ. आकडा खरा आहे. दक्षिण अटलांटिकच्या ज्या भागात ही मासेमारी चालते, तिथे २०१९ साली अनेक देशांच्या जहाजांनी मिळून ध्वनिलहरींच्या साहाय्याने मोजणी केली. अंदाज निघाला ६ कोटी २६ लाख टनांचा. तिथे वर्षाला पकडायची मर्यादा आहे ६ लाख २० हजार टन. भागाकार केला की टक्का बरोबर एकच येतो.

पण जाळं सबंध समुद्रात पडत नाही. ते जिथे थवा दाट आहे तिथे पडतं, आणि दाट थव्याच्या शोधात फक्त जहाजंच नसतात.

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या टोकाशी ब्रॅन्सफिल्डची सामुद्रधुनी आहे. तिथल्या किनाऱ्यांवर अ‍ॅडेली, जेंटू आणि चिनस्ट्रॅप पेंग्विनांच्या वसाहती आहेत. पिल्लू लहान असतं तेव्हा आई-बापांपैकी एकाला त्याच्यापाशी थांबावं लागतं आणि दुसरा खाणं आणायला समुद्रात जातो. पिल्लू उपाशी राहायच्या आत त्याला परतायचं असतं, त्यामुळे त्याची धाव वसाहतीच्या आसपासच्या पाण्यापुरती. हजार किलोमीटरवर कोट्यवधी टन क्रिल असला, तरी त्याचा या जोडप्याला काडीचा उपयोग नाही. आणि नेमक्या याच पट्ट्यात जहाजंही येतात. काही जहाजं तर जाळं वर न घेताच पंपाने क्रिल सतत आत ओढत राहतात. मेलेला क्रिल स्वतःच्याच पाचकरसांनी काही तासांत विरघळायला लागतो, म्हणून त्यावरची सगळी प्रक्रिया जहाजावरच उरकावी लागते.

पेंग्विनांवर याचा परिणाम होतो का, हे अमेरिकी शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षांच्या नोंदींवरून तपासलं. पिल्लांची वजनं, खाणं आणायला गेलेल्या पालकांच्या फेऱ्यांचा वेळ अशा या नोंदी. हे काम २०२० साली प्रसिद्ध झालं. एखाद्या लहान भागातल्या क्रिलपैकी दहा टक्के किंवा अधिक पकडला गेला, की तिथल्या पेंग्विनांची तब्येत आणि वीण घसरते. ही घसरण हवामान वाईट असलेल्या वर्षाइतकीच असते. म्हणजे सबंध समुद्राचा हिशोब एक टक्का असतानाही एखाद्या खाडीच्या तोंडाशी तो दहाच्या वर जाऊ शकतो. माझं उत्तर एका वाक्यात हवं असेल, तर ते हेच.

गंमत म्हणजे नियम करणाऱ्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. १९६९-७० च्या हंगामात दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती सोव्हिएत जहाजांनी मार्बल्ड रॉककॉड नावाचा मासा सुमारे ४ लाख टन काढला. दोन हंगामांत साठा कोसळला, तो कित्येक दशकं सावरला नाही. पुढे क्रिलचीही तीच गत होईल या धास्तीने करार झाला आणि १९८२ साली तो लागू झाला. त्याचा आयोग टास्मानियातल्या होबार्टला बसतो, त्याला कॅमलार म्हणतात. या कराराची मला मनापासून आवडणारी गोष्ट अशी, की त्यात खाणाऱ्या प्राण्यांचा वाटा आधी बाजूला काढलाय. एरवी माशांचा मूळ साठा निम्म्यावर आला तरी चालतो असं धरतात. क्रिलच्या बाबतीत मात्र पाऊण साठा समुद्रात राहिलाच पाहिजे, असं गणित मांडलं. आणि २००९ पासून ते ६ लाख २० हजार टन चार भागांत वाटून दिले, म्हणजे सगळी जहाजं एकाच ठिकाणी तुटून पडणार नाहीत. द्वीपकल्पाजवळच्या भागाला मर्यादा मिळाली १ लाख ५५ हजार टनांची.

ही वाटणी २०२४ मध्ये संपली. आयोगात निर्णय सर्वसंमतीने होतात, एकही देश अडला की गाडी अडते. नव्या वाटणीवर एकमत झालं नाही आणि जुनी रद्द झाली. पुढच्याच हंगामात, ऑगस्ट २०२५ मध्ये, एकूण मर्यादा इतिहासात पहिल्यांदा गाठली गेली आणि मासेमारी मुदतीआधी बंद करावी लागली. द्वीपकल्पाजवळची पकड जुन्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेली होती. मला याचं फार वाईट वाटतं, कारण विज्ञान कमी पडलं नव्हतं. आकडे टेबलावर होते, नकाशेही होते.

भारत या आयोगाचा सदस्य आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रात संरक्षित क्षेत्रं करण्याच्या प्रस्तावांना भारताने २०२१ मध्ये सहप्रस्तावक म्हणून पाठिंबा दिला. ते अजून मंजूर झालेले नाहीत, रशिया आणि चीन यांचा विरोध आहे. रॉस समुद्राचं क्षेत्र तेवढं २०१६ मध्ये मान्य झालं. तेही वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींनंतर, आणि ३५ वर्षांच्या मुदतीने. तेव्हा हेच दोन देश शेवटी राजी झाले होते, म्हणून मी आशा सोडलेली नाही. सरसकट बंदी मी मागत नाही. वसाहतींजवळचं पाणी विणीच्या काळात मोकळं सोडा आणि पकड पुन्हा भागवार वाटा, एवढंच म्हणणं आहे.

यानंतर हमखास दुसरा प्रश्न येतो: ‘मग क्रिल तेलाच्या गोळ्या घ्यायच्या की नाही?’ मी घेत नाही. क्रिलमधलं ओमेगा-३ मुळात शेवाळातून आलेलं असतं, आणि शेवाळापासून थेट काढलेलं तेलही बाजारात मिळतं. मासे खात असाल तर तारली आणि बांगडा आहेतच. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली असेल, तर ती कशापासून केली आहे हे डबीवर वाचा आणि दुसरी चालेल का, ते त्यांनाच विचारा.