गाल, टाळू, हिरडी: एकाच तोंडातली तीन अस्तरं

गालाच्या पेशींची काचपट्टी आपण सगळ्यांनीच शाळेत केली आहे. या वेळी मी गालावर न थांबता टाळू आणि हिरडीचेही नमुने घेतले. तोंडाचं अस्तर जागेजागी इतकं बदलत असेल असं वाटलं नव्हतं.

पद्धत तिन्हीकडे एकच. चूळ भरायची, इअरबडने हलकेच घासायचं, काचपट्टीवर पसरून सुकू द्यायचं. मग मेथिलीन ब्लूचा थेंब, मिनिटभराने जादा रंग धुवायचा आणि वर कव्हरस्लिप. शोभिवंत माशांच्या दुकानात मिळणारं मेथिलीन ब्लू चालतं, पण पातळ करून घ्या. रंग गर्द झाला की केंद्रक ओळखूच येत नाही. सूक्ष्मदर्शकाचा डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) थोडा मिटून घेतला की पेशींच्या कडा छान उठतात.

गालाची पट्टी ४०० पटीला सर्वांत देखणी. फिकट निळ्या, रुंद पेशी, काहींच्या कडा दुमडलेल्या, आणि प्रत्येकीत गोल, ठसठशीत केंद्रक. आयपीसमधल्या मोजपट्टीवर पेशी साधारण ५० ते ८० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरल्या, केंद्रक ८ ते १०. हे अस्तर अनेक थरांचं असतं. तळाशी नव्या पेशी तयार होतात, वर सरकता सरकता चपट्या होतात आणि सुमारे दोन आठवड्यांत गळतात. आपल्या हाती लागतो तो गळायच्या बेतातला वरचा थर, म्हणून दुखत नाही.

टाळूचा पुढचा कडक भाग मात्र सहजी काही देत नाही. जे निघालं त्यात बऱ्याच पेशींना केंद्रकच नव्हतं, नुसते कोरडे, टोकदार कडांचे पापुद्रे. घास चावताना टाळूवर दाबला आणि घासला जातो, म्हणून तिथला वरचा थर आपल्या कातडीसारखा केरॅटिनने (नखा-केसांतलं चिवट प्रथिन) भरून कडक होतो. गालाला ताणायचं असतं, तिथे असा कडकपणा परवडणार नाही. हिरडी दोघांच्या मधली: केंद्रकं आहेत, पण बरीचशी आक्रसून गडद झालेली. ही मधली अवस्था मला सगळ्यात जास्त आवडली. एका केंद्रकावर फोकस वरखाली करत मी बराच वेळ बसलो होतो.

गालाच्या पेशींवर बारीक गडद ठिपके दिसले तर ते बहुतेक जिवाणू. सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहणाऱ्या डच लेव्हेनहूकने १६८३ साली दातांवरचा मळ पाहून याच मंडळींचं वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं होतं.

आपल्याकडे सुपारी-गुटख्याने तोंड उघडेनासं होतं, ते अशा पट्टीत दिसेल का? नाही. तो ताठरपणा पेशींच्या खालच्या तंतुमय थरात येतो आणि इअरबड तिथवर पोचतच नाही. त्यामुळे तोंडात पांढरा चट्टा दिसला किंवा तोंड उघडायला त्रास झाला, तर पट्टी न करता दंतवैद्य गाठा.

पुढचं लक्ष्य बार बॉडी. स्त्रियांच्या पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र आवळून केंद्रकाच्या कडेला जेमतेम मायक्रॉनभर ठिपका बनतो. त्यासाठी १०० पट ऑइल इमर्शन भिंग (काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकून वापरायचं) लागेल, आणि बहीण नमुना द्यायला तयार आहे. ॲसिटो-ऑर्सीन हा गुणसूत्रं रंगवणारा रंग कुणी घरी वापरला असेल तर किती वेळ ठेवला ते सांगा.