आमची वाटचाल : पासपोर्ट साइझच्या पुढे

अण्णांनी सांगलीत मारुती चौकाजवळ स्टुडिओ टाकला, तेव्हापासून घर चाललं ते पासपोर्ट फोटोवर. "मान सरळ. कान दिसू देत. हसायचं नाही." पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरमध्ये माणूस बसवायचा, आठ कॉपी कापून पाकिटात घालायच्या. पुढे मीही तेच केलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. दुकानातला प्रिंटर, लेन्स, पडदे, सगळं गेलं. विम्याचं काय झालं ते विचारू नका. पाणी ओसरल्यावर मात्र लोक प्लास्टिकच्या पिशव्यांतून चिखलाचे अल्बम घेऊन यायला लागले.

ओला अल्बम तसाच वाळू द्यायचा नसतो. जिलेटिनचा थर समोरच्या पानाला चिकटतो आणि फोटो ओढला की चेहरा तिकडेच राहतो. गार, स्वच्छ पाण्यात एकेक फोटो सोडवायचा, चित्राला बोट न लावता, मग दोरीला टांगायचा. रंगीत फोटोच्या कागदावर निळसर थर सगळ्यात वर, तो आधी जातो. मग किरमिजी, शेवटी पिवळा. पुरातले फोटो लाल-पिवळे दिसतात ते त्यामुळे.

एका मावशींच्या लग्नाच्या फोटोत पदराचा काठ आणि एक हात, एवढंच उरलं होतं. मी म्हटलं, मावशी, यात काही राहिलं नाही. त्या म्हणाल्या, "हा हात नणंदेचा. माझा पदर सारखा करत होती. मला रडू येत होतं, म्हणून चिमटा काढला तिनं." काउंटरवर बसलेल्या बायकोनं ते बिलबुकाच्या पाठीमागे उतरवून घेतलं. तोच हात मोठा करून छापला आणि खाली त्यांचे शब्द. नव्या कामाची पहिली ऑर्डर ती.

मग आम्ही रविवारी दुपारचे वर्ग सुरू केले: एक फोटो काढायचा, त्याच्यासोबत अर्धं पान लिहायचं. पहिली बॅच साफ फसली. जो तो "आई म्हणजे मायेचा सागर" लिहून मोकळा. बायकोनं नियम काढला, फोटोत जे दिसतंय ते लिहायचं नाही. तेव्हा कुठे माणसं बोलायला लागली. एका निवृत्त एसटी कंडक्टरनं चेहऱ्याऐवजी अंगठ्याचा फोटो काढला, तिकिटं पंच करून घट्टा पडलेला. खाली लिहिलं, "सासरवाडीतसुद्धा मला नावानं कुणी ओळखत नाही. मुक्कामी गाडीचे मास्तर म्हणतात."

अमेरिकेत वेंडी इवाल्ड या छायाचित्रकार बाईंनी शाळकरी मुलांच्या हातात कॅमेरा देऊन असंच लिहितं केलं होतं, तेही कित्येक वर्षं आधी, हे आम्हाला नंतर कळलं. तोवर आपणच शोध लावल्यासारखे मिरवत होतो.

दुकानाचं भाडं आजही पासपोर्टवरच निघतं. २०२१ ला पाणी परत आलं, तेव्हा लोकांच्या वह्या आधी माळ्यावर गेल्या, कॅमेरे नंतर.

गेल्या दिवाळीत त्या मावशींची नणंद दुकानात आली. काचेतला फोटो बघून म्हणाली, "हा हात माझा नव्हे. मी तेव्हा पंगतीत वाढत होते." आम्ही तिच्याकडूनही लिहून घेतलं. आता एकाच हाताखाली दोघींचं म्हणणं आहे आणि मावशी म्हणतात, तिचं काढा.