तीन स्टार द्यायला लागले २६ दिवस

‘आपला रिव्ह्यू आमच्या नियमांत बसत नाही.’ हे एकच वाक्य मला एका ऑनलाइन दुकानाकडून तीन वेळा आलं. कुठला नियम, माझी कुठली ओळ खटकली, काय बदलू, यातलं काहीच नाही. एका पुस्तकाबद्दल दीडशे शब्द खरं लिहायला मला २६ दिवस लागले. अजून राग गेलेला नाही, म्हणून सगळं लिहून ठेवते.

सोलापुरात आमच्या साखर पेठेतल्या गल्लीत अण्णा राहतात. यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, म्हणून उभी हयात गेली. घरात तेलुगू बोलतात, पण पुस्तक लिहिलं मराठीत. स्वतःच्या खर्चानं ३०० प्रती छापल्या, पुतण्यानं ते त्या ऑनलाइन दुकानात विक्रीला लावलं. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे अण्णा पहिली प्रत घेऊन माझ्याकडेच आले. ‘बाई, वाचा आणि तिथं लिव्हा की ओ.’

पुस्तक दोन बैठकींत वाचलं. धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा मागाचा भाग) अडकला की मागाचा आवाज कसा बदलतो आणि झोपेतसुद्धा जॉबरला तो कसा कळतो, हे त्यांनी ज्या ताकदीनं लिहिलंय ते मी आजवर कुठे वाचलं नव्हतं. पण शेवटची ४० पानं घाईत उरकलीत, एक प्रसंग दोनदा आलाय, शुद्धलेखन कुणी तपासलेलंच नाही. आणि एक चूक मला सोडवेना. चार हुतात्म्यांच्या फाशीची तारीख १२ जानेवारी १९३० छापलीय. सोलापुरात मार्शल लॉ लागला मे १९३० मध्ये आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली १२ जानेवारी १९३१ ला. आपल्या गावच्या पुस्तकात ही तारीख चुकता कामा नये.

म्हणून तीन स्टार. पाचपैकी तीन.

पुतण्या घरी आला. ‘बाई, लिहायचं ते लिहा, फक्त स्टार पाच द्या.’ दोन दिवसांत पाच स्टारचे ११ रिव्ह्यू पडले होते. त्यातली सात नावं मी ओळखत होते, सगळी आमच्याच गल्लीतली. त्यातल्या दोघांच्या हातात पुस्तक अजून पडलेलंही नव्हतं. एक त्यानं स्वतः ‘एक वाचक’ म्हणून टाकला होता. त्याला समजावलं, की २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत स्पष्ट लिहिलंय, विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायचा नाही. आणि दुकानात विक्रेता म्हणून नोंद त्याचीच आहे. त्यानं तो काढला. नाराज झाला, पण काढला.

मी रिव्ह्यूची सुरुवातच अशी केली होती: ‘लेखक माझ्या शेजारचे आहेत. पहिली प्रत त्यांनी भेट दिली, नंतर मी एक विकत घेतली.’ अनोळखी माणूस २५० रुपये मोजणार असेल, तर लिहिणारी बाई लेखकाची कोण लागते हे त्याला आधी कळायला हवं. मग आवडलेलं, मग खटकलेलं, पान क्रमांकासकट. (पान क्रमांक जरूर द्या. ‘चुका खूप आहेत’ याचा लेखकाला काडीचा उपयोग नाही. ‘पान ८७, ओळ तिसरी’ म्हटलं की तो पुढच्या छपाईत दुरुस्त करू शकतो.) शेवटी एक ओळ होती, पार्सल फाटून आलं आणि पुस्तकाचा कोपरा दुमडला म्हणून.

तीन दिवसांनी नकार.

वाटलं, उतारा मोठा झाला असेल. धोट्याचा अख्खा परिच्छेद मी उतरवून दिला होता. खरं तर समीक्षेसाठी वाजवी प्रमाणात उतारा घ्यायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ परवानगी देतं. तरी दोन ओळींवर आणला. पुन्हा पाठवला, पुन्हा ‘तपासणी सुरू आहे’, पाच दिवसांनी पुन्हा तेच वाक्य. चॅटवर विचारलं. प्रत्येक वेळी वेगळं माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं सांगा, आणि शेवटी त्याच नियमावलीची लिंक. नियमावलीत जवळच्या नातेवाइकांनी आणि मित्रांनी लिहू नये असं होतं. शेजारी त्यात येतात का? कुणी सांगेना. फोन केला तर ४० मिनिटं गाणं ऐकवलं आणि कट झाला. तिकडे ते न वाचणाऱ्यांचे पाच स्टार आरामात झळकत होते. माझं मस्तक फिरलं.

मग जे केलं ते लिहायला जड जातंय. तिसऱ्या वेळी मी पहिली ओळच काढली. शेजारी, भेट, काहीच नाही, जणू अण्णांना ओळखतच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्गात मुलांना आयुष्यभर जे सांगितलं ते मी चौदाव्या दिवशी सोडून दिलं होतं. तोही रिव्ह्यू नाकारला गेला, आणि मला हायसं वाटलं.

आता कामाची गोष्ट. चॅट आणि फोन म्हणजे तक्रार नव्हे. त्याच २०२० च्या नियमांप्रमाणे दुकानाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत असतो, शोधा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं बंधनकारक आहे. मी सतराव्या दिवशी लिहिलं. तिन्ही नकारांचे स्क्रीनशॉट जोडले. (पहिल्या नकाराचा काढलेला नव्हता, ईमेल सापडला म्हणून वाचले. तुम्ही पहिल्या दिवसापासून काढा.) ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे, तेही नमूद केलं. ते ऐच्छिक आहे, म्हणून त्याच्या नावानं धमकावलं नाही. विचारलं एवढंच, की कारण सांगा. इथंही दाद लागली नसती तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लिहूनच ठेवला होता.

पोच दुसऱ्याच दिवशी आली. उत्तर आलं पंचविसाव्या दिवशी. अडचण शेजाराची नव्हती. भेट मिळालेल्या प्रतीची नव्हती, उताऱ्याची नव्हती. शेवटची पार्सलची ओळ! पोचवणी, पॅकिंग, किंमत याबद्दल पुस्तकाच्या रिव्ह्यूत लिहायचं नाही, त्याला वेगळी जागा आहे. तिन्ही वेळा ती एकच ओळ मी तशीच ठेवली होती आणि तिन्ही वेळा त्यांनी ती मला दाखवली नाही. एक ओळ सांगायला २५ दिवस.

नियम मला पटला, हेही सांगते. फाटलेल्या पार्सलचा दोष अण्णांच्या माथी का? मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, छपाई ही स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकाची जबाबदारी, त्याबद्दल लिहायलाच हवं. कुरिअर त्याच्या हातात नसतं. राग आहे तो न सांगण्याचा.

शेजारची ओळ परत पहिल्या जागी घातली, पार्सल काढलं. सव्विसाव्या दिवशी संध्याकाळी रिव्ह्यू दिसला.

अण्णांना पान ८७ ची चूक मी आधीच घरी जाऊन सांगितली होती. लेखक हाकेच्या अंतरावर असेल तर जगाला सांगण्याआधी त्याला सांगावं. रिव्ह्यू मात्र त्यांना आधी दाखवला नाही, ते मागत होते तरीही. नातीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘बाई, तीन म्हणजे नापास का ओ?’

मी म्हटलं, ‘नाही अण्णा. तीन म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास.’

‘मग बाकीचे चाळीस कुठं गेले ते सांगा.’ आणि वही घेऊन बसले.

परवा आम्ही दोघांनी उरलेल्या १८० प्रतींत शुद्धिपत्र चिकटवलं. अर्ध्या पानाचं, १४ दुरुस्त्यांचं, वर पहिली १२ जानेवारी १९३१. पुतण्यानं डिंक आणला, वहिनींनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली. घरी येऊन मी रिव्ह्यूत ओळ वाढवली, की आताच्या प्रतींत शुद्धिपत्र आहे. स्टार तीनच ठेवले, कारण ती घाईची ४० पानं तशीच आहेत. बदल केल्यामुळे तो पुन्हा ‘तपासणी सुरू आहे’ मध्ये गेलाय. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.