तुम्ही विचारलंत म्हणून: तो हाडांचा पोपट नक्की कोण?

भुताखेतांच्या कार्टूनांवर मी लिहिते हे कळलं की माणसं दोनपैकी एक प्रश्न विचारतात. पहिला, 'या वयात हे काय?' सांगलीत हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत विचारतात आणि उत्तराची वाट न बघता मठ्ठा वाढायला सांगतात, त्यामुळे तो सोडून देऊ. दुसरा प्रश्न विचारणारा मात्र पक्का असतो. त्याने मालिका बघितलेली असते. तो विचारतो, 'त्या यंगब्लडबरोबर ते हाडांचं जनावर असतं ना, ते कोण हो?'

ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डॅनी फँटम' ही बुच हार्टमन यांची अमेरिकन कार्टून मालिका निकलोडियनवर २००४ ते २००७ या काळात चालली. डॅनी फेंटन हा चौदा वर्षांचा मुलगा. आईबाप भुतं पकडायची यंत्रं बनवतात. त्यातल्याच एका यंत्राच्या अपघातात पोरगा अर्धा भूत होतो आणि गावात उपद्रव करायला येणाऱ्या भुतांशी लढतो. या भुतांच्या गर्दीत यंगब्लड म्हणजे एकदम किरकोळ माल. लहान मुलाचं भूत, मुख्य काम असं दोनच भागांत. एकात तो समुद्री चाच्यांचा कप्तान असतो आणि त्याच्याबरोबर नुसत्या हाडांचा एक पोपट. दुसऱ्यात तो काउबॉय होऊन येतो, तेव्हा पोपट नाही, हाडांचा घोडा. जनावर बदललं तरी आत बसलेला गडी तोच, हे त्याच्या बोलण्यावरून लगेच कळतं. पोरगं हुकूम सोडतं आणि हा कुरकुरत त्यातल्या चुका दाखवतो.

यंगब्लडची खुबी अशी की मोठ्या माणसांना तो दिसतच नाही. डॅनीला दिसतो. डॅनीची बहीण जॅझ त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण घरातली सगळ्यात पोक्त तीच, म्हणून तिलाही दिसत नाही. ती पोरासारखा विचार करायला लागते तेव्हा कुठे दिसतो. म्हणजे अट वयाची नाही, डोक्याची आहे. बिचारा डॅनी हवेशी भांडतोय असं घरच्यांना वाटतं, आणि पोराचं डोकं फिरलं म्हणून ते काळजीत पडतात.

आता थिअऱ्या. पोरगं जहाज बुडून मेलं आणि पोपट त्याच्याबरोबर बुडाला, ही सगळ्यात सोपी. दुसऱ्या भागात काउबॉयची टोपी दिसली की तिचा निकाल लागतो. बुडालेला पोपट घोडा कशाला होईल? चाचेगिरी हा त्या मुलाचा पूर्वजन्म नाही, खेळ आहे. सुट्टीत आमच्या गल्लीतली पोरं सकाळी पोलीस आणि संध्याकाळी दरोडेखोर असतात, तेवढंच ते. जनावर म्हणजे त्याचा जिवंतपणीचा कुत्रा, ही दुसरी थिअरी. गोड आहे, पण कुत्र्याला इतकं तिरकस बोलता येत असेल असं मला वाटत नाही.

तिसरी जास्त तगडी: ते जनावर म्हणजे त्याचा बाप, काका किंवा कुणीतरी सांभाळणारं मोठं माणूस. बोलणं मोठ्या माणसाचं, सबुरीचे सल्ले मोठ्या माणसाचे, शिवाय पोराला सोडून जात नाही. माझा भाऊ या पक्षाचा. त्याच्यावर भाची तुटून पडली. 'मोठ्या माणसांना यंगब्लड दिसतच नाही, मग पोपट मोठा असेल तर त्याला कसा दिसतो?' वकिली मुद्दा चांगला होता, पण टिकत नाही. त्याच्या जहाजावर भुतांचं अख्खं खलाशी टोळकं आहे आणि ते त्याचे हुकूम पाळतं, म्हणजे त्यांना तो दिसतो. न दिसण्याचा नियम जिवंत माणसांपुरता. भाची दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं, कारण तासगावकडच्या त्यांच्या माहेरी पिंपळावरचा मुंजा ही अगदी घरची गोष्ट. मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा म्हणजे मुंजा. पोरगंच ते, त्यामुळे खोड्या काढणारं भूत. मला वाटलं, यंगब्लड मुंजाच्या जातीचा निघाला म्हणून त्या खूश होतील. त्यांनी भडंग निवडता निवडता (शेंगदाणे आधी खायचे, मग बाकीचं) एकच विचारलं, "आन् त्याच्यासंगं कोण असतंय म्हणालीस?" मी पोपटाचं सांगितलं. "मग मुंजा न्हवं त्यो. मुंजाला कोण नसतंय. म्हणून तर तरास देतोय." वेताळाची गोष्ट वेगळी, त्याच्याबरोबर भुतांचा अख्खा लवाजमा. पण मुंजा एकटा. एवढं सांगून त्या शेंगदाण्यांकडे वळल्या. माझी थिअरी मात्र त्या एका वाक्याने रुळावर आली. एकट्या पोराला सोबत कुठून मिळते?

तर माझं म्हणणं असं, की ते जनावर दुसरं भूत नाहीच. ते यंगब्लडच्या मनातलं आहे. मनातला दोस्त. जिवंत मुलांचे असे दोस्त आपल्याला दिसत नाहीत. भुताच्या दुनियेत मनात आलेल्या गोष्टीला अंग फुटत असेल तर हा दोस्तही उडेल, खिंकाळेल आणि वाद घालेल.

'वाद घालेल' इथेच लोक मला अडवतात. पोराने मनाने रचलेलं सोंगटं त्याचंच कशाला खोडून काढेल? ते होयबा नको का? अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातल्या मार्जोरी टेलर यांनी मुलांच्या अशा काल्पनिक सवंगड्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या अभ्यासात (योगायोगाने मालिकाही त्याच साली सुरू झाली) सातव्या वर्षापर्यंत ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सवंगडी होता असं आढळलं. यात जनावरंही आली. त्यांच्या कामातली मला आवडलेली गोष्ट ही, की हे सवंगडी बऱ्याचदा अजिबात ऐकत नाहीत. बोलावलं की येत नाहीत, नको असताना येऊन बसतात, भांडतात. मूलच त्यांना चालवतं आणि मूलच त्यांच्या नावाने तक्रार करतं. म्हणजे पोपटाची कुरकुर माझ्या विरुद्ध जात नाही, उलट माझ्याच बाजूने उभी राहते.

आणि आकार बघा. पोराने चाच्यांचा खेळ मांडला की पोपट, काउबॉयचा मांडला की घोडा. खेळाला जे लागेल ते. स्वतंत्र भूत असता तर एखाद्या दिवशी म्हणाला असता, 'आज मी पोपट होणार नाही, पाठ दुखतेय.' आकाराच्या बाबतीत त्याचं काही चालत नाही, जीभ मात्र स्वतःची.

भाचीचा राग गेल्यावर मी तिला एक काम दिलं. म्हटलं, यंगब्लड सांगलीत आला तर काय करेल ते काढ. जनावराचं मी मुद्दामच काही सांगितलं नाही. तिने वहीच्या मागच्या पानावर काढलं: डोक्यावर फेटा, हातात कासरा, बैलगाडा शर्यतीचा गाडा. आणि गाड्याला जुंपलेला एकच बैल, हाडांचा. फासळ्या तिने मोजून काढल्या होत्या, शिंगांना लाल रिबिनी, गळ्यात घुंगरमाळ. मागे धुरळा. शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी होती, ती २०२१ साली उठली, हे आमच्या भागात पोराटोरांना पाठ; म्हणून मला वाटलं बैल त्याबद्दल काहीतरी बोलेल. बैलाच्या तोंडून निघालेल्या फुग्यात तिने लिहिलं होतं, 'आधी डबा धुवायला टाक.'

हे वाक्य आमच्या वहिनीचं. रोज संध्याकाळी शाळेची रिक्षा गेली की आमच्या घरात ते ऐकू येतं. भाचीला मी विचारलं, बैल असं का म्हणतोय? ती म्हणाली, "आत्या, कुणीतरी म्हणायलाच पाहिजे ना."

आता पुन्हा त्या चाच्यांच्या भागाकडे या. यंगब्लड तिथे एम्बर नावाच्या गाणाऱ्या भुताला हाताशी धरतो, रेडिओवरच्या गाण्याने गावातल्या सगळ्या आईबापांना भारून टाकतो आणि जहाजात भरून न्यायला निघतो. मोठी माणसं नकोतच, हा त्याचा सगळा बेत. आणि त्याच वेळी त्याच्यासोबत एक मोठं माणूस आहे, सारखं चुका काढणारं, ते त्याने स्वतःच बनवलंय. बापाच्या थिअरीतलं सगळं खरं आहे, फक्त बाप तिथे नाही. बापाचं बोलणं आहे.

हाडांचा प्रश्न राहिला. पोराच्या अंगावर मांस आहे, कपडे आहेत, मग जनावराची नुसती हाडं का? काही जण म्हणतात, ते जनावर फार जुनं भूत म्हणून झिजलं. मला साधं वाटतं. जिवंत पोर मनातला पोपट हिरव्या पिसांचा करेल. मेलेल्या पोराने केला, तर तो असाच होणार.

एक कोरडं उत्तरही आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. मोठ्यांना न दिसणाऱ्या खलनायकाला आपला डाव कुणाला तरी बोलून दाखवावा लागतो, नाहीतर प्रेक्षकाला कळणार कसा? म्हणून लिहिणाऱ्यांनी एक बोलका जोडीदार दिला. ही युक्ती आमच्या गावाला नवी नाही. १८४३ साली इथे विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्या तऱ्हेच्या नाटकांत सूत्रधारासमोर विदूषक असायचा, आडवे प्रश्न विचारणारा. राक्षस 'अलल डुर्र' करत यायचे आणि आरडाओरडा करून जायचे. यंगब्लड राक्षस खरा, पण विदूषक बगलेत घेऊन आलेला. एवढ्याने पोपट का आहे ते कळतं. तो कोण आहे ते कळत नाही, आणि तुम्ही विचारलं होतं ते दुसरं.

माझी थिअरी पाडायची असेल तर रस्ता सोपा आहे. मूल आसपास नाही आणि जनावर आपल्या स्वतःच्या कामाला निघालंय, असा एक प्रसंग मालिकेतून काढून दाखवा. भाग आणि मिनिट लिहून पाठवा. भाची तपासून बघणार आहे, आणि ती अजून बापाच्या पक्षाचीही नाही आणि माझ्याही नाही.